दोन्ही कळ्या पडल्या

गोव्यातल्या सर्वणला आमच्या घरी कुठलाही मोठा निर्णय माणसांनी घेतलेला मला आठवत नाही. माणसं भांडत, निर्णय देवी घेई. गाय विकायची का, विहीर कुठे खणायची, काकांचं लग्न या वर्षी करायचं का पुढच्या, सगळं काही गावच्या देवळात कौल लावून ठरे. गुरव देवीच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे पिटकोळीच्या लाल कळ्या पाण्यानं चिकटवी, गाऱ्हाणं घाली आणि मग आम्ही सगळे हात जोडून, श्वास रोखून बघत बसू. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. यात वाद घालायला जागा नव्हती, आणि म्हणूनच आमचं घर टिकलं असं मला वाटतं. कारण माझे बाबा आणि त्यांचे धाकटे भाऊ बाबलकाका यांचं सूर्य पूर्वेला उगवतो यावरसुद्धा एकमत व्हायचं नाही.

मी मराठी फायनल झाले त्या वर्षी दोघांनी भांडायला मला घेतलं. पोर्तुगीज जाऊन काही वर्षं झाली होती. कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या होत्या, पण आत कपाटात सगळे कागद जुन्या भाषेतलेच होते. बाबांचं डिचोलीच्या बाजारात हिंग-मिरी-सुपारीचं दुकान होतं. दुकानात बसून जगाकडे बघणाऱ्या माणसाला असते तशी त्यांना सगळ्याची खात्री होती. "राज्यां बदलतात, कागद बदलनात," ते माझ्याकडे बोट करून म्हणत. "चेडवाक पोर्तुगीज शिकय. म्हातारे वाचपी मेले काय लोक हाच्या दारांत रांग लायतले." बाबलकाका खाणीच्या ट्रकांच्या फेऱ्या लिहून घ्यायचं काम करत आणि येता-जाता इंग्रजी पाट्या बघून त्यांची छाती फुगत असे. "पोर्तुगीज बोटीर बसून गेले," ते ओरडत. "आतां तें शिकून हें कोणाकडेन उलयतलें? उंदरांकडेन?" आई पेज वाढताना हे सगळं ऐके आणि माझ्या ताटात खारातलं आंबाडं जरा मोठं टाकी.

मला काय हवं होतं, हे विचारण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती, आणि मीही ते कुणाला सांगितलं नाही, कारण ते फार हास्यास्पद होतं. मला एक मेज हवं होतं. कचेरीतलं मेज, त्याला खण, खणाला कुलूप आणि कुलपाची किल्ली माझ्याकडे. आमच्या घरात कुणाच्याच मालकीचं काही नव्हतं; माझी पेन्सिलसुद्धा काकांच्या कानावर सापडायची. आता कुणाला सांगितलं तर हसतील, पण सतराव्या वर्षी दुसऱ्या मुली नवऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणत तेव्हा मी खण आणत असे.

शेवटी प्रकरण देवळात गेलं. आणि तिथे या दोन शहाण्यांनी अशी चूक केली की गावात आजही ती गोष्ट सांगतात. नेहमीच्या रीतीनं एकच प्रश्न विचारायचा, हो की नाही. पण आधी इंग्रजीचं विचारायचं का पोर्तुगीजचं, यावर देवळाच्या पायरीवरच जुंपली. आधी विचारलं ती वरचढ, असं दोघांनाही वाटत होतं. गुरव ताटकळून कंटाळला. त्याच्या घरी आमच्याकडून दर वर्षी तोरांच्या, म्हणजे कोवळ्या कैऱ्यांच्या, लोणच्याची एक बरणी जात असे, म्हणून तो इतका वेळ थांबला इतकंच. अखेर तडजोड निघाली: उजवी कळी इंग्रजी, डावी पोर्तुगीज. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, घंटा वाजली, आम्ही डोळे लावून बसलो. बराच वेळ काही झालं नाही. बाबा उजव्या कळीकडे असे बघत होते की ती घाबरून आणखी चिकटावी. आणि मग दोन्ही कळ्या एकदम पडल्या. टप्पकन. एक क्षणही मागे-पुढे नाही.

"अरे देवा!" काका म्हणाले.

"परत लाय," बाबा म्हणाले.

"परत कशें लायतलो?" गुरव भडकला. "तुमी दोन मागल्यो, तिणें दोनूय दिल्यो. देवीचें उतर मोडूंक जायना. चेडूं दोनूय भासो शिकतलें. एक सोडली जाल्यार अपमान जातलो, सांगून दवरतां."

माझ्याकडे कुणी बघितलंही नाही. फक्त आईनं पदराच्या आड तोंड वळवलं. तेव्हा मला वाटलं, बिचारी रडते आहे.

तर अशा रीतीनं माझं शिक्षण सुरू झालं. सकाळी पोर्तुगीज, संध्याकाळी इंग्रजी. आज माझी नात मोबाइलवर जर्मन आणि जपानी अशा दोन भाषा एकदम शिकते. चुकलं की मोबाइल तिला गोड आवाजात पुन्हा प्रयत्न करायला सांगतो. माझ्या दोन्ही गुरूंना ही सोय नव्हती. पोर्तुगीज शिकवायला होते शाबीबाब. डिचोलीच्या नोंदणी कचेरीत ते आयुष्यभर जन्म, लग्नं आणि मरणं लिहीत आलेले. आमच्यासारखेच हिंदू, पण घरातसुद्धा कोट घालून पेज जेवणारे. त्यांच्या ओसरीवर मी सकाळी पोचायची तेव्हा पोदेर पाव देऊन गेलेला असे. आमच्या घरात पावाला बंदी होती, त्यात आंबवायला माडाची सूर, म्हणजे माडी, असते म्हणून. शाबीबाब कोऱ्या चहात पाव बुडवून मला देत. "हें घरांत सांगूं नाका, बाय. पाव खाल्ल्याबगर ही भास तोंडांत बसना." खरं सांगते, पहिले दोन महिने मी भाषेसाठी नव्हे, पावासाठी जात होते. ते मला कचेरीतून घरी आणलेल्या जुन्या नोंदवह्यांवरूनच शिकवत, कारण दुसरं पुस्तक त्यांच्याकडे नव्हतं. घाई केलेली त्यांना खपत नसे. "सावकाश. ही भास साडी न्हेसपासारकी. निऱ्यो बऱ्यो पडूंक जाय." परिणाम असा की वर्षभरात मला पोर्तुगीजमध्ये जन्माला येता येत होतं, लग्न करता येत होतं आणि साक्षीदारांसमक्ष मरताही येत होतं. पण तहान लागली तर पाणी मागता येत नव्हतं.

इंग्रजीचे परब मास्तर आमच्याच पडवीतल्या खोलीत भाड्यानं राहत. सावंतवाडीकडचे. शिरगावच्या खाणीवर हजेरी घेण्याच्या कामाला होते. संध्याकाळी ट्रकातून उतरत तेव्हा खाणीच्या धुळीनं भुवयांपर्यंत लाल असत. विहिरीवर चार कळश्या अंगावर ओतल्या की आतून मास्तर निघत. त्यांच्याकडेही पुस्तक नव्हतं. खाणीवरच्या पाट्या ते कागदावर उतरवून आणत आणि मला पाठ करायला लावत. "डेंजर. ब्लास्टिंग. कीप अवे. नॉट अलाउड." मी तोंडातल्या तोंडात म्हटलं की ते ओरडत, "गो, मोठ्यान बोल! इंग्रजी बोलताना लाजलंस काय मेलंस!" मग मी अंगणातून ओरडे, "कीप अवे!" आणि वाटेनं जाणारी शेजारीण घाबरून थांबे. ती पाट्यांची इंग्रजी फार कामाची होती असं मला आजही वाटतं. एका शब्दात माणसाला जागच्या जागी उभं करणारी दुसरी भाषा मी पाहिली नाही.

दोन भाषा एकदम शिकणं म्हणजे दोन सुनांना एका चुलीवर रांधायला लावणं. सुरुवातीचे सहा महिने एकमेकींची भांडी उचलण्यातच गेले. शाबीबाबांनी विचारलं तर मी इंग्रजीत उत्तर देई, मास्तरांनी विचारलं तर पोर्तुगीजमध्ये. दोघांनाही दुसऱ्याची भाषा येत नसल्यामुळे दोघंही समजत की मी त्यांच्याच भाषेतला एखादा अवघड शब्द वापरला, आणि मान डोलावत. पण हळूहळू काहीतरी बसत गेलं. शाबीबाबांची पानभर लांब वाक्यं मला मास्तरांच्या तीन शब्दांत सांगता यायला लागली. मी हे माझ्या आईला म्हटलं. दुपारचं जेवण उरकून ती दारात बसली होती. पुढ्यात वाड्यावरच्या तिघीचौघी आणि मांडीवर पोस्टकार्डांचा गठ्ठा. हे रोजचंच दृश्य. तिचे वडील नार्व्याला मराठी शाळा चालवत, त्यामुळे तिचं अक्षर घोटीव होतं. वाड्यावरच्या सगळ्या बायकांची माहेरची पत्रं तीच लिहायची आणि आलेली तीच वाचून दाखवायची. ती म्हणाली, "म्हज्याकडेन तर रोज चार बायलो चार तरांनी रडटात. हांव एकूच कार्ड बरयतां." आणि पुन्हा लिहायला लागली.

दुसऱ्या वर्षी गणपतीच्या चवथीनंतर बातमी आली की शाबीबाब निवृत्त होणार. नवा साहेब मद्रासेकडचा, इंग्रजीखेरीज बोलायचा नाही. जुन्या वह्या त्याला म्हणजे भिंत. शाबीबाबांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. एकाच कचेरीत दोघं शेजारी बसून शिपायाच्या खुणांवर संसार चालवत होते. साहेबाला कुणीतरी हवं होतं, जुन्या नोंदींची इंग्रजी नक्कल करून देणारं. पगार बेताचा. पण शाबीबाबांनी मला हळूच सांगितलं, "मेज मेळटलें. खण आसा. कुलूपय आसा."

त्याच आठवड्यात पेडण्याहून माझ्यासाठी स्थळ आलं. चांगली माणसं, भातशेती, नारळीची बाग, मुलगा शाळामास्तर. आता बाबा आणि काकांचं आयुष्यात पहिल्यांदाच एकमत झालं: नोकरी मिळाली तर पेडणेकरांना दोन वर्षं थांबा म्हणून सांगायचं. नाही मिळाली तर तुळशीचं लग्न लागलं की माझंही लागेल. देवीला शिकवायचं होतं ते शिकवून झालं, आता आणखी कौल नको. नोकरीची परीक्षा दिवाळीच्या फोवांनंतर, म्हणजे पोह्यांनंतर, चौथ्या दिवशी होती. ते फोव मला कसे लागले हे मला अजिबात आठवत नाही.

कचेरीत साहेबानं मला पुढ्यात बसवलं आणि शाबीबाबांना खुणेनं सांगितलं, कुठलीही वही काढा, कुठलंही पान. शाबीबाब कपाटापाशी गेले. इतक्या वर्षांच्या वह्या होत्या, पण त्यांचा हात जराही न चाचपडता एका वहीवर गेला. त्यांनी ती माझ्यापुढे उघडली आणि माझ्याकडे न बघता बाजूला उभे राहिले. मी वाचलं आणि मला हसू दाबणं कठीण झालं. माझ्या आई-बाबांच्या लग्नाची नोंद होती ती. लबाड म्हातारा! नावं ओळखीची, गावं ओळखीची, अडखळायला काही नको, असा त्यांचा हिशेब. मी झरझर लिहायला लागले. वर अमुक, वय बावीस, व्यापारी, राहणार सर्वण. वधू अमुक, वय सोळा, राहणार नार्वे. समक्ष हजर झाले. वाचून दाखवलं. वरानं आणि साक्षीदारांनी सह्या केल्या.

आणि मग शेवटची ओळ. वधूने सही केली नाही, कारण तिला लिहिता येत नाही.

मी ती ओळ तीनदा वाचली. शब्द सोपे होते. असल्या ओळी मी शाबीबाबांच्या ओसरीवर पाव खात-खात पन्नास वेळा वाचल्या होत्या. जवळजवळ प्रत्येक लग्नाच्या खाली ती असायची, आणि मी कधी थांबले नव्हते. आज माझा हात पुढे जाईना. मला आईच्या मांडीवरची पोस्टकार्डं दिसत होती.

साहेबानं विचारलं, "व्हॉट हॅपन्ड? यू डोन्ट नो द वर्ड?"

शब्द येत होता, तीच तर पंचाईत होती. एका भाषेतलं खोटं मला माझ्या हातानं दुसऱ्या भाषेत लिहायचं होतं. न लिहावं तर परीक्षा गेली, मेज गेलं, तुळशीचं लग्न दारात. लिहावं तर माझ्या आईला मीच अडाणी ठरवणार, तेही सरकारी शाईत. शेवटी मी ती ओळ होती तशी इंग्रजीत लिहिली. तिथेच थांबायला हवं होतं, पण थांबले नाही. खाली परब मास्तरांनी शिकवलेल्या मोठ्या अक्षरांत लिहिलं: नॉट ट्रू. मदर कॅन राइट.

साहेबानं कागद वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. "हू इज धिस मदर?"

"माय मदर," मी म्हटलं.

तो जे बोलला ते मी आयुष्यभर विसरले नाही. सावकाश, मला कळेल अशा सोप्या इंग्रजीत त्यानं सांगितलं की नक्कल करणाऱ्यानं आपल्या पदरचं एक अक्षरही घालायचं नसतं, मग ते कितीही खरं असो. तू वरून घातलेली ओळ काढून स्वच्छ कागद लिही आणि जा. मी लिहिला. माझ्या डोळ्यांतलं पाणी कागदावर पडू नये म्हणून मान तिरकी करून लिहिला.

शाबीबाब माझ्याबरोबर दारापर्यंत आले. इंग्रजीचं अक्षर त्यांना कळलेलं नव्हतं, पण बोट कुठल्या ओळीवर थांबलं होतं ते त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. ते कोटाचं बटण फिरवायला लागले. मग म्हणाले, "अक्षर म्हजें तें. हांवें तुज्या आज्याक विचारलें, सुनेक बरोवंक येता? तो म्हणालो, ना. हांवें बरयलें." बटण सोडून म्हणाले, "सगल्यांचें अशेंच बरयलां."

घरी आले तर बाबा आणि काका पायरीवर वाट बघत होते. मी दोघांना ओलांडून सरळ आईकडे गेले आणि रडत-रडत सगळं सांगितलं. मला वाटलं तिला राग येईल. ती चक्क हसली. "म्हाका कोणें विचारलेंच ना गो," ती म्हणाली. टाक मेजावर ठेवलेला होता, तिनं हातही पुढे केला होता. सासरे म्हणाले, येना तिका, आणि तिनं हात मागे घेतला. नवी सून, सासऱ्याला खोटं पाडणार कशी? नंतर ती रोज त्यांच्या डोळ्यांदेखत पत्रं लिहीत होती, आणि त्यांनाही कधी आठवलं नाही की आपण काय सांगितलं होतं. मग मी तिला विचारलं, त्या दिवशी देवळात तू रडत होतीस ना? "रडटलें कित्याक?" आई म्हणाली. "म्हाका हांसूं येतालें. हांवें आदल्या दिसा देवीक सांगिल्लें, ह्या दोगांतल्या एकाचेंय आयकूं नाका, चेडवाक सगलें दी." लोणच्याची बरणी त्या वर्षी गुरवाकडे एक गेली का दोन, हे मी विचारलं नाही. आजही विचारावंसं वाटत नाही.

नोकरी मिळाली. साहेब परब मास्तरांना पुढे एकदा म्हणाल्याचं कळलं की दोन्ही भाषा वाचणारं दुसरं माणूस तालुक्यात नव्हतं, नाहीतर या आगाऊ मुलीला घेतलंच नसतं. पेडणेकरांना दोन वर्षं थांबायला सांगितलं. मुलगा थांबला. तोच आता आतल्या खोलीत दुपारचा घोरतो आहे, आणि मी त्याच्याबद्दल इथे काही वेडंवाकडं लिहीत नाही ना, हे संध्याकाळी तपासणार आहे. मला मेज मिळालं, खण मिळाला, किल्ली मी कमरेला लावली. खणात ठेवायला माझ्याकडे काहीच नव्हतं, म्हणून पहिले कित्येक दिवस त्यात मी पाव ठेवत असे.

आई गेली त्या वर्षी नार्व्याच्या जमिनीच्या कामासाठी तिच्या लग्नाच्या नोंदीची इंग्रजी नक्कल लागली. तोवर मी कचेरीत जुनी झाले होते, शाबीबाब आणि साहेब दोघंही कधीच पडद्याआड गेले होते. मी ती वही काढली. त्या परीक्षेनंतर त्या पानाकडे मी मुद्दाम कधी गेले नव्हते. शेवटच्या ओळीशी, डावीकडच्या समासात, शाबीबाबांच्या लफ्फेदार अक्षरात एक टीप होती. खाली त्यांच्या निवृत्तीच्या दिवसाची तारीख. कुणाच्या परवानगीनं लिहिली, कुणास ठाऊक. परवानगी नसणारच. मी वाचली: वधूला लिहिता येते. विचारण्याचे राहून गेले होते. आज विचारले. आणि त्याखाली देवनागरीत, आईच्या घोटीव अक्षरात, तिचं पूर्ण नाव.

त्या दिवशी ती कचेरीत कशी आली, कुणाला सांगून आली, मला कुणी कधी सांगितलं नाही. तिनंही नाही. दोघांनी मिळून मला पत्ता लागू दिला नव्हता.

मी नवा कागद घेतला. नक्कल करणाऱ्यानं आपल्या पदरचं काही घालायचं नसतं, हे मी साहेबाकडून शिकले होते. पण वहीत आहे ते गाळायचंही नसतं. मी वरपासून खालपर्यंत सगळी नोंद इंग्रजीत उतरवली, ती ओळही, आणि मग समासातली टीप शब्दाला शब्द. सहीपाशी आले. इंग्रजी नकलेत सही इंग्रजीतच उतरवायची असते. मी ती उतरवली नाही. तिच्या जागी तिचं नाव तिनं लिहिलं होतं तसंच मराठीत लिहिलं, आणि खाली माझी सही केली.